हाताच्या केसमधली डोक्याची गोळी

माझ्या टेबलासमोर उभा राहणारा माणूस बहुधा चिडलेलाच असतो. खुशीत असलेला माणूस माझ्याकडं कशाला येईल? त्याला कामावर लागलेलं असतं, दुखत असतं, धाराशिवच्या औषध दुकानातून त्याला रिकाम्या हातानं परत पाठवलेलं असतं आणि दुकानदारानं माझं नाव सांगितलेलं असतं. त्यामुळे तो टेकायच्या आधीच विचारतो, "मॅडम, माझं औषध तुम्ही का बंद केलं?"

मी बंद केलेलं नसतं. पण हे सांगून उपयोग नसतो. तो धाराशिवहून बस धरून आलेला असतो आणि त्याला भांडायला कुणीतरी समोर हवं असतं. म्हणून मी आधी त्याला बसवते, पाणी देते आणि मग कागद मागते. या क्रमात कधीच बदल करत नाही. कागद आधी मागितला तर पाण्याचा ग्लास अंगावर यायची वेळ येते.

जिल्ह्यातल्या एका खाजगी साखर कारखान्याच्या कामगार कल्याण विभागात मी बरीच वर्षं आहे. कारखान्याचं नाव लिहीत नाही. नोकरी अजून शिल्लक आहे आणि आमचे साहेब दिवाळी अंक वाचतात, निदान कारखान्याची जाहिरात नीट छापली का ते बघण्यापुरते तरी चाळतात.

माझं काम असं. कामगाराला कामावर इजा झाली की उपचाराचा भार विमा कंपनी उचलते. दवाखान्याचं एकदाच असतं. माणूस दाखल होतो, घरी जातो. औषधं मात्र महिनोन् महिने चालतात. डॉक्टर चिठ्ठी लिहितात, कामगार ती ठरलेल्या दुकानात नेतो, दुकानदार ती संगणकावर चढवतो आणि ती माझ्यापुढं येते. ही गोळी त्याच इजेसाठी आहे का आणि इतक्या दिवसांनंतर ती खरंच लागते का, एवढं मी बघते. पटलं तर पुण्याला विमा कंपनीकडं पाठवते. तिथून होकार आला की दुकानदार पिशवी देतो. ही साखळी कुठंही तुटली तरी कामगाराला दिसते फक्त मी.

आता हेही खरं, की सगळेच काही दुखण्यानं गांजून येत नाहीत. पाकाचा चटका बसलेला एक जण भाजल्याचं मलम दर चार दिवसांनी संपवायचा. हात तर केव्हाच वाळला होता. चौकशी केली, तेव्हा ते मलम बायकोच्या टाचेच्या भेगांना, मग आईच्या आणि शेवटी शेजारणीच्या भेगांना चाललंय असं कळलं. "गुण लई हाय त्याला," म्हणत त्यानं मलाच एक ट्यूब देऊ केली. पाठीला मार बसलेला एक ट्रॅक्टर ड्रायव्हर होता. त्याच्या दुखण्याच्या गोळ्या उसाच्या गाड्यांच्या रांगेत तंबाखूच्या पुडीसारख्या फिरायच्या. "एक दे की राव, कंबर धरलीया." कंबर धरलेले ते सगळे मग स्टिअरिंगवर पेंगायचे. त्याच्या गोळ्या मी आठवड्याच्या आठवड्याला द्यायला लावल्या, तर तो रांगभर माझ्या नावानं बोंबलत फिरला. एकानं तर बोटाच्या जखमेच्या चिठ्ठीवर सासूच्या गुडघ्याचं तेल मागितलं. नाही म्हटल्यावर म्हणाला, "एका बाटलीनं कारखाना बुडतोय व्हय?"

अशांना नाही म्हणताना मला काही वाटत नाही. खरा वैताग येतो तो खऱ्या दुखण्याला नाही म्हणावं लागतं तेव्हा. शाहूराज ओव्हाळांच्या बाबतीत तो मी पोटभर सोसला.

शाहूराज हे मिल विभागातले खलाशी, म्हणजे यंत्रावरचे मदतनीस. पन्नाशीला आलेले, अंगानं काटक, बोलायला कमी. येरमाळ्याच्या बाजूला त्यांचं गाव. ऊस गिरणीकडं वाहून नेणारा जो मोठा साखळीचा पट्टा असतो, त्यात ऊस अडकला की बाजूच्या फळीवर उभं राहून पहारीनं तो मोकळा करायचा, हे त्यांचं काम. ऐन हंगामात एकदा पहार उलटी आली. उजव्या हाताची दोन्ही हाडं मोडली आणि ते फळीवरून खाली लोखंडी पत्र्यावर पडले.

अपघाताचा अहवाल पाळीचे फोरमन लिहितात. आमच्याकडं तेव्हा लोखंडे फोरमन होते, अजूनही आहेत. सगळा कारखाना त्यांना तात्या म्हणतो. 'इजेची जागा' या रकान्यात त्यांनी दोनच शब्द लिहिले : उजवा हात. कुणालाच त्यात काही खटकलं नाही. हात असा लोंबत होता की माणसाच्या बाकीच्या अंगाकडं कुणाचं लक्षच गेलं नाही. धाराशिवला हाडांत पट्ट्या बसवल्या, हात जुळून आला. हाताची औषधं मी एकदाही अडू दिली नाहीत.

पावसाळ्यात, कारखाना बंद असताना, शाहूराजांच्या नावावर एक नवी चिठ्ठी चढली. सोलापूरच्या मेंदूच्या डॉक्टरांची. तिच्यात एकच गोळी होती, सकाळ-संध्याकाळ घ्यायची, आणि खाली लिहिलेलं, एकही वेळ चुकवू नये. मी डॉक्टर नाही. पण पोस्टमनला गल्ल्या पाठ व्हाव्यात तशी कुठली गोळी कुठं जाते हे मला पाठ झालंय. ही गोळी फिटची होती.

संगणकानं अर्थातच ती लाल केली. पुण्याला फोन लावला. तिकडं एक तरुण मुलगी असते, बोलायला अतिशय गोड.

"मॅम, बॉडी पार्ट मॅच होत नाहीये."

"म्हणजे?"

"केस हाताची आहे. गोळी डोक्याची आहे."

"हात आणि डोकं एकाच माणसाचं आहे हो."

"बरोबर आहे मॅम, पण डोकं केसमध्ये नाहीये. डोक्याला लागल्याचा सुधारित अहवाल आणि डॉक्टरांचं पत्र पाठवलंत तर ॲड करता येईल."

म्हणजे दोन कागद हवे होते. डोक्याला मार लागला होता हे पाहणाऱ्याचं म्हणणं आणि फिट त्या मारामुळं येते हे डॉक्टरांचं म्हणणं. दोन कागद म्हणजे आठवड्याचं काम, असा अंदाज करून मी त्यांची यादी लिहिली. माझ्या घरी याद्यांवरून माझी चेष्टा होते, पण माझी कामं त्यामुळंच वेळेवर होतात. शाहूराजांच्या पत्नीला, कुसुमबाईंना, मी फोन करून बोलावून घेतलं.

त्या आल्या त्या आधीच सावध होऊन. पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या.

"कुसुमबाई, ओव्हाळांना फिट येते का?"

"न्हाय बाई. चक्कर येती. अशक्तपणा हाय."

"ही गोळी अशक्तपणाची नाही."

"हाताची आसंल मग. हाताला मुंग्या येतात त्यांच्या."

"हाताची पण नाही."

"डाक्टरला काय कळतंय? लिहिलं आसंल कायबी."

"अहो, सोलापूरला एवढ्या लांब हात दाखवायला नेलं होतं का त्यांना?"

त्यांनी पिशवी खाली ठेवली. मग खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि हलक्या आवाजात बोलल्या. दोनदा आली होती. एकदा अंगणात, एकदा जेवताना. सोलापूरच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला, आत जुना मार दिसतोय म्हणाले, कधी पडले होते का विचारलं. कुसुमबाईंनी नाही म्हणून सांगितलं. त्यांना माहीतच नव्हतं. त्यांना सांगितलेलं फक्त हात मोडल्याचं, आणि शाहूराजांना पडल्यानंतरचं काही आठवत नाही.

"मग आता सांगू या डॉक्टरांना. मी कागद तयार करते."

"न्हाय न्हाय! कागदावर फिट घालू नका, मॅडम. तुमच्या पाया पडते. प्रज्ञाची सोयरीक जमलीय."

प्रज्ञा त्यांची मुलगी. कळंबला संगणकाचे क्लास घेते, मी पाहिलेली आहे, चुणचुणीत. फिटवाल्याची पोरगी म्हटल्यावर कोण करील, असं कुसुमबाईंचं म्हणणं. ते चूक आहे हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हणाल्या.

"कुठली सोयरीक?" मी विचारलं.

"हितलीच की. लोखंडे तात्यांचा पोरगा. पुण्याला कंपनीत हाय." आणि मग, "त्यांच्या घरला कळता कामा नये. आपल्या दोघीतच ऱ्हाऊ द्या."

पाहणाऱ्याचं म्हणणं हवं होतं आणि पाहणारे होते लोखंडे तात्या. मी माझ्या यादीकडं पाहिलं आणि ती उलटी ठेवली.

आमच्या कामात एक नियम आहे आणि तो मला मनापासून पटतो. एकाचं दुखणं दुसऱ्याला सांगायचं नाही. तो शेजारी असो, साहेब असो की होणारा व्याही. म्हणून मी लोखंड्यांना बोलावून फक्त एवढंच विचारलं, की ओव्हाळ पडले तेव्हा डोक्याला लागलं होतं का.

"डोस्क्याला? छ्या! गडी शुद्धीवर हुता. मलाच म्हणला, तात्या, हात गेला माझा."

"पडल्या पडल्या म्हणाले?"

"पडल्या पडल्या म्हंजे... जरा येळानं."

"त्या जरा वेळात काय झालं?"

लोखंड्यांनी चुन्याची डबी काढली, उघडली, पुन्हा बंद केली. "मॅडम, हाताच्या केसमधी डोस्कं कशाला घालता?"

ते गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले आणि आत येताना दार लोटून घेतलं. आमच्या विभागाचं दार लोटणारा माणूस बहुधा उसने पैसे मागायला आलेला असतो. हे मात्र उभेच राहिले.

"म्या बघितलंय," ते म्हणाले. "खाली पडला तवा डोस्कं पत्र्यावर आपटलं. हातपाय झाडत हुता. फेस आला. म्या कुशीवर घेतला, मग थांबलं. तुम्ही काल इचारलं तवाच वळखलं म्या, की परत सुरू झालंय."

मी हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही. "मग हे लिहून द्या."

"देतो की! पर आत्ता न्हाय. लगीन होऊ द्या."

"का?"

"आमच्या मंडळीला तुम्ही वळखत न्हाय. तिला कळलं तर ती मोडता घालंल. आन् त्यांच्या घरला कळलं की मला ठाव हाय, तर वहिनी लाजंनंच सोयरीक मोडतील. पोरगी लई गुणाची हाय, मॅडम. म्या सोडणार न्हाय तिला." मग आवाज उतरवून, "आन् त्या दिवशी हेल्मेट बी नव्हतं त्याच्या डोस्क्यावर. ते कोण बघायचं? म्याच."

म्हणजे कुसुमबाई जे लोखंड्यांपासून लपवत होत्या, तेच लोखंडे कुसुमबाईंपासून लपवत होते. दोघांनाही ते माहीत होतं. दोघांनीही मला शपथ घातली होती. तोंड बंद ठेवायचं होतं फक्त मी. डोकं फिरायची पाळी आली.

या भानगडीत शाहूराजांचं काय चाललं होतं ते मला औषध दुकानाच्या अप्पांकडून कळलं. अप्पा हे मूळचे उमरग्याकडचे लिंगायत, घरात कन्नड, गल्ल्यावर मराठी. मंजुरी नसल्यामुळं ओव्हाळांचं कुटुंब ती गोळी पदरच्या पैशानंच नेत होतं.

"ताई, एक विचारू?" अप्पा फोनवर म्हणाले. "तुमचे ओव्हाळ गोळ्यांची एक पट्टी एवढे दिवस कशी पुरवतात? मी तर रोज दोन सांगितल्यात."

मी लगेच कुसुमबाईंना फोन लावला. खोदून विचारल्यावर कळलं, शाहूराज गोळी मोडून अर्धी घेत होते. फिरून फिट आली नाही, म्हणजे गुण आला. आता अर्धी बास, असा त्यांचा हिशेब.

"अहो, ती भाकरी आहे का अर्धी करून खायला? ही गोळी अशी मध्येच कमी केली की फिट आणखी जोरात येते."

"सांगते त्यांना. पाऊण घ्या म्हणते."

"पाऊण नाही, कुसुमबाई! पूर्ण! दोन्ही वेळेला!"

मी एवढी ओरडले की शेजारच्या खोलीतले लेखापाल डोकावून गेले.

यात घाईचं कारण होतं. दिवाळीच्या सुमाराला बॉयलर पेटणार होता. हात बरा झाल्याचा दाखला शाहूराजांकडं आला होता, म्हणजे ते कामावर हजर होणार आणि पुन्हा त्या फळीवर उभे राहणार. खाली पट्टा चालू असतो. हाताच्या केसमध्ये हात बरा होता. बाकीच्या माणसाबद्दल विचारायला तिथं रकाना नव्हता.

हे मी लोखंड्यांना सांगितलं, कुणाचंही दुखणं न सांगता, फक्त फळी आणि पट्टा यांच्याबद्दल. त्यांचा चेहरा उतरला.

"म्या त्याला वर चढू देत न्हाय. खालीच ठिवतो, कायतरी निमित्त काढून."

"आणि पाळी बदलेल, तुम्ही नसाल, तेव्हा?"

 तरीही लिहून दिलं नाहीच. "साखरपुडा तरी होऊ द्या," म्हणाले. सवलत लग्नापासून साखरपुड्यापर्यंत खाली आली, एवढीच माझी कमाई.

हंगामाआधी कामगारांची तपासणी असते. आमच्या विभागासमोरच्या व्हरांड्यात डॉक्टर बसतात. वजन, रक्तदाब, डोळे. मिलची माणसं त्या दिवशी सकाळी रांगेत होती. शाहूराज स्वच्छ पांढरा शर्ट घालून आले होते. कुसुमबाई कागदांची पिशवी घेऊन पायरीवर बसल्या होत्या, कारण शाहूराज कागद हरवतात. लोखंडे तात्या नवी हेल्मेटं वाटत होते. या वर्षी एकही डोकं उघडं दिसणार नाही, असं प्रत्येकाला बजावत होते. मी तेव्हाच ठरवलं, की आज डॉक्टरांना एवढं तरी सांगायचं, की ओव्हाळांना उंचीवरचं काम देऊ नका, का ते विचारू नका. तेवढं नियमात बसतं का, याचा विचार करत मी दारात उभी होते.

शाहूराज डोळ्यांच्या तक्त्यासमोर उभे राहिले. एक डोळा झाकून वाचायला लागले. वरच्या ओळी धडाधड वाचल्या, खालच्या ओळीच्या मध्येच थांबले. लोकांना वाटलं दिसत नाही. कुणीतरी हसलं, "चष्मा लागला रं शाहूला." तेवढ्यात ते ताठ झाले आणि आडवे पडले.

मग जे होतं तेच झालं. "चप्पल हुंगवा!" "कांदा आणा रं कॅन्टीनमधनं!" कुणीतरी मोटारसायकलच्या किल्ल्या त्यांच्या मुठीत कोंबायला लागलं. दोघं त्यांचे पाय दाबून बसले. डॉक्टर खुर्च्यांच्या पलीकडं अडकले होते.

लोखंडे हेल्मेटं टाकून धावले.

"ए शहाण्या, चप्पल काढ बाजूला! सोड पाय! कुणी दाबायचं न्हाय!" त्यांनी शाहूराजांना कुशीवर घेतलं, गळ्यातला टॉवेल घडी करून डोक्याखाली दिला, शर्टाचं वरचं बटण सोडलं. सगळं झरझर, न चाचपडता. "तोंडात काय घालू नका. आपून थांबतंय ते. मागच्या येळेलाबी थांबलं हुतं."

कुसुमबाई नवऱ्याच्या पायाशी बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"मागच्या येळेला कवा, तात्या?"

लोखंड्यांचा हात शाहूराजांच्या खांद्यावर होता. तो त्यांनी काढला नाही. "पट्ट्यावरनं पडला तवा, वहिनी. डोस्कं आपटलं हुतं. म्याच धरला हुता."

"आन् तुम्ही बोलला न्हाय?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

कुसुमबाईंनी पदर तोंडाला लावला. व्हरांड्यात मिलची सगळी माणसं उभी होती, कुणी हलेना. शाहूराजांचं अंग हळूहळू सैल पडलं. डॉक्टरांनी नाडी बघितली, डोळे बघितले, पडू द्या थोडा वेळ म्हणाले. काही वेळानं शाहूराजांनी डोळे उघडले, आजूबाजूला एवढी गर्दी बघून बुजले आणि म्हणाले, "खालची वळ राहिली जणू माझी."

कुसुमबाई रडतच बोलल्या, "ऱ्हायलं आता. सोयरीक मोडली म्हणायची."

"का मोडंल?" लोखंडे एकदम चिडले. मला वाटतं ते स्वतःवरच चिडले होते. "सोयरीक पोरीसंगं हाय, वहिनी. ह्याच्या डोस्क्यासंगं न्हाय!"

मी आत जाऊन सुधारित अहवालाचा कोरा कागद आणला. अशा वेळी कागद आणणं कुणाला कठोर वाटेल. पण माणसं शांत झाली की पुन्हा विचार करतात, हा माझा अनुभव. लोखंडे तिथंच पायरीवर बसून लिहायला लागले. डोक्याला मार लिहिला, झटका आल्याचं लिहिलं. हेल्मेट होते काय, या प्रश्नाशी थांबले. मग 'नाही' लिहून सही केली. त्याबद्दल त्यांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. ती त्यांनी मुकाट्यानं घेतली. मलाच ती टाईप करून द्यावी लागली.

सोलापूरच्या डॉक्टरांनी पत्र दिलं. पुण्याच्या मुलीनं डोक्याचा फोटो मागितला, मग तो स्पष्ट नाही म्हणून पुन्हा मागितला, मग "थँक्यू मॅम, बॉडी पार्ट ॲड झाला" असं कळवलं. मंजुरी आली तीन महिन्यांची. तीन महिन्यांनी पुन्हा सिद्ध करायचं, की डोकं अजून तेच आहे.

एवढ्यानं सुटका होईल तर काय हवं! अप्पांकडं त्या कंपनीची गोळी संपली, त्यांनी तेच औषध दुसऱ्या कंपनीचं दिलं. आधीची पांढरी होती, ही निळी निघाली. शाहूराजांनी ती खिडकीत ठेवून दिली. आपल्याला दुसऱ्याच कुणाची तरी गोळी आली असं त्यांना वाटलं, पण विचारायचं कसं, म्हणून गप्प. कुसुमबाईंनी फोन केला म्हणून बरं. मी अप्पांना झापलं. "येन माडोदु, ताई?" अप्पा म्हणाले. काय करायचं, ही त्यांची नेहमीची हतबलता. "औषध तेच आहे. रंग मी देतो का?" रंग बदलला तर गिऱ्हाइकाला समजावून सांगत चला, असं मी त्यांना तीनदा बजावलं.

आणि शाहूराज? त्यांनी माझ्याशी बोलणंच सोडलं. त्यांना फळीवरून काढून गेटवर उसाच्या गाड्यांना नंबर द्यायला बसवलं. आयुष्यभर पहार चालवलेल्या माणसाला खुर्ची बोचते. मी समोरून गेले की ते मुद्दाम गाड्यांकडं बघतात. एकदा न राहवून म्हणाले, "तुमच्यामुळं म्या बाईमाणसासारखा बसून हाय." मी म्हटलं, "मीही दिवसभर बसूनच असते, ओव्हाळ." त्यावर त्यांनी पुढच्या गाडीला नंबर दिला. त्यांना मिलमध्येच, जमिनीवरचं काही काम देता आलं असतं का, हा विचार मी अजून करते. साहेबांना दोनदा लिहिलं. उत्तर नाही.

राहिल्या लोखंड्यांच्या मंडळी, इंदूबाई. ज्यांच्या भीतीनं इतके महिने दोन घरांनी तोंडं शिवून घेतली होती, त्यांचा मला एका सकाळी फोन आला.

"मॅडम व्हय? म्या लोखंड्याची मंडळी बोलते. मला येडी समजतात का ही समदी?"

"काय झालं, इंदूबाई?"

"सारा कारखाना जाणतो आन् मला सांगितलं परवा. ते जाऊ द्या. एकच सांगा. हे रक्तातलं हाय का माराचं?"

"ते त्यांचं दुखणं आहे, मी कसं सांगणार? आणि रक्तातलं असतं तरी काय झालं असतं?"

"तुम्ही सांगणार न्हाय म्हणा की. मग ज्याला ठाव हाय त्याला इचारते."

आणि खरंच विचारलं. शाहूराज पुढच्या तपासणीला सोलापूरला निघाले, तेव्हा त्या त्यांच्याबरोबर एसटीत बसल्या. नंबर येईपर्यंत बाकावर थांबल्या, आत गेल्या, शाहूराजांच्या देखत डॉक्टरांना जे विचारायचं ते विचारलं. डॉक्टरांनी माराचं म्हणून सांगितलं आणि गोळी नियमानं घेतली तर माणूस ठणठणीत राहील असंही सांगितलं. परत येताना त्यांनी शाहूराजांना बसमध्ये काय ऐकवलं ते मला माहीत नाही. कुसुमबाई म्हणाल्या, घरी आल्यावर शाहूराजांनी पहिल्यांदा न सांगता गोळी घेतली.

लग्न उन्हाळ्यात झालं, कळंबच्या मंगल कार्यालयात. मला दोन्ही घरांकडून आमंत्रण होतं. बुद्धवंदना झाली, वधूवरांनी हार घातले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि जेवणाची पानं मांडली गेली. माझ्या समोरच्या रांगेत शाहूराज बसले होते, नवा फेटा डोक्यावर. सकाळपासून धावपळीत होते, घाम आलेला. सकाळची गोळी घेतली असेल का, हे माझ्या मनात आलंच. विचारावं तर तो माणूस माझ्याशी बोलत नाही, आणि चारशे लोकांत विचारायचं तरी कसं, म्हणून मी घास हातात धरून बसले होते.

तेवढ्यात बुंदीचं ताट घेऊन वाढत आलेल्या इंदूबाई चार पानं अलीकडूनच खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ओ व्याही! गोळी घेतली का सकाळची?"

अख्ख्या मांडवानं माना वळवल्या.

"घेतली, घेतली!" शाहूराज वैतागून म्हणाले. "सकाळपसनं पाच जणांनी इचारलं. लगीन पोरीचं हाय का माझ्या गोळीचं?"

"दोन्हीचं," इंदूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या पानात दोन मुठी बुंदी टाकून पुढं गेल्या.